योगाने जनुके बदलतात म्हणे. मग जातीने काय बदलते?



गेल्या २१ जूनची गोष्ट. आमच्या शहरातल्या मोठ्या मैदानावर सकाळी साडेसहाला योग दिनाचा कार्यक्रम होता. मंडप, गालिचे, पांढरे टी-शर्ट, मंचावर पुढारी आणि अधिकारी, सगळे दरवर्षीसारखेच. आम्ही तिथे योग करायला गेलो नव्हतो. आमच्या वस्तीतल्या अकरा बाया पहाटे तीनपासून त्या मैदानावर होत्या, त्यांना चहा घेऊन गेलो होतो. या बाया ठेकेदाराकडे सफाईचे काम करतात. आदल्या रात्री पाऊस झाला होता. चिखल, कुत्र्यांची घाण, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा, सगळे त्यांनी हातांनी उचलले. हातात मोजे नव्हते. साडेसहाला मुकादम आला आणि म्हणाला, मागच्या रांगेतल्या चटया रिकाम्या दिसतात, तुम्हीही बसून घ्या, फोटोत गर्दी दिसली पाहिजे.

मंचावरून एक वक्ते सांगत होते, योगामुळे आपली जनुके बदलतात हे आता परदेशी शास्त्रज्ञांनीही सिद्ध केले आहे, रोज वीस मिनिटे प्राणायाम करा, प्रतिकारशक्ती इतकी वाढेल की दवाखान्याची पायरी चढावी लागणार नाही. मग आदेश आला, दीर्घ श्वास घ्या. आमच्या शेजारी बसलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, "कचराडेपोवर आम्ही नाक दाबून काम करतो. हा म्हणतो खोल घ्या."

संध्याकाळी अभ्यासिकेत यावर वाद झाला. एक गट म्हणाला, हे सगळे थोतांड आहे, ब्राह्मणी धर्माला विज्ञानाचा मुलामा देण्याचा उद्योग आहे. दुसरा गट म्हणाला, तसे नाही, खरोखरच शोधनिबंध आहेत, आम्ही वाचलेत. दोन्हीकडचा आवाज चढला. तेव्हा ठरवले की आधी नीट वाचू, मग बोलू. बाबासाहेबांच्या लेकरांना वाचायचा कंटाळा शोभत नाही. वाचल्यावर जे हाती लागले ते असे आहे की मंचावरच्या वक्त्यांना ते कळले असते तर त्यांनी तो विषयच काढला नसता.

आधी विज्ञान काय म्हणते ते पाहू

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. तो आईवडिलांकडून येतो आणि योगाने, जपाने किंवा कुठल्याही काढ्याने त्यातली अक्षरे बदलत नाहीत. पण कोणते जनुक कधी चालू राहील, कोणते बंद, कोणते जोरात आणि कोणते मंद, हे परिस्थितीवर ठरते. घरात दिव्यांची बटणे तीच असतात, कुठला दिवा कधी लागतो हे घरातल्या माणसांच्या जगण्यावर ठरते, तसेच हे आहे. शास्त्रज्ञ याला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. म्हणजे 'जनुके बदलतात' हे वाक्यच चुकीचे आहे. बदलते ती जनुकांची चालू-बंद स्थिती.

आता तणावाचे पाहा. माणूस भीतीत असला की मज्जासंस्था शरीराला धोक्याची सूचना देते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन जागे होते आणि दाह निर्माण करणारी जनुके चालू करते. हा दाह मुळात उपयोगाचा आहे. जखम झाली, जंतू शिरले तर तोच आपल्याला वाचवतो. कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक एरवी हा दाह आवरते. पण धोका रोजचाच झाला, महिनोन्महिने आणि वर्षानुवर्षे टिकला, तर पेशी कॉर्टिसोलचे ऐकेनाशा होतात. दाह विझत नाही, मंद जळत राहतो. हृदयविकार, मधुमेह, सांधेदुखी, नैराश्य यांच्याशी या मंद दाहाचा संबंध आहे.

ध्यान, योगासने, ताई ची यांनी हा दाह कमी होतो का, हे तपासणारे अभ्यास झाले आहेत. ब्रिटनमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या इव्हाना बुरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली 'फ्रंटियर्स इन इम्युनॉलॉजी' या नियतकालिकात अशा १८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. एकूण सहभागी ८४६. निष्कर्ष असा की या पद्धती करणाऱ्यांमध्ये एनएफ-कप्पा-बीच्या वाटेने चालू होणाऱ्या दाहाच्या जनुकांचे काम कमी झालेले दिसते, म्हणजे दीर्घकाळच्या तणावाने जे होते त्याच्या उलट. दिल्लीच्या एम्समध्ये संधिवाताच्या ७२ रुग्णांवर आठ आठवड्यांचा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. औषधांच्या जोडीला योग करणाऱ्या गटात दाहाची मोजमापे आणि नैराश्य दोन्ही कमी झाले.

हे आहे आणि ते आम्ही मान्य करतो. जे मोजून दाखवले ते नाकारणे हे आपले काम नव्हे.

पण तोच आढावा पुढे काय सांगतो? यातले बरेच अभ्यास लहान आहेत. प्रत्येकाची पद्धत वेगळी. आणि मुख्य प्रश्न असा की तुलना कशाशी केली? नुसते बसून राहण्याशी केली, तर काहीही केलेले चांगलेच दिसेल. नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. श्वसनक्रिया, आसने आणि ध्यान यांच्या एका कार्यक्रमानंतर काही तासांत रक्तपेशींतल्या जनुकांचे काम बदलते, असे त्यात दिसले. हाच अभ्यास आपल्याकडे भाषणांतून फिरवला जातो. त्यात सहभागी किती होते? दहा. आणि तुलना कशाशी होती? निसर्गात फेरफटका मारणे आणि संगीत ऐकणे याच्याशी. चालण्याने आणि संगीतानेही काही जनुकांचे काम बदलले. योगाने बदललेल्या जनुकांची संख्या जास्त होती हे खरे. पण रक्तात बदल दिसणे आणि रोग बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा माणसांच्या काही तासांच्या रक्ततपासणीवरून 'दवाखान्याची पायरी चढावी लागणार नाही' असे म्हणणे म्हणजे लबाडी आहे.

आता उरलेले अर्धे विज्ञान

हा सगळा अभ्यास ज्या पायावर उभा आहे, तो पाया योगाचा नाही. तो विषमतेचा आणि एकटेपणाचा आहे, आणि मंचावरून नेमके हेच कधी सांगितले जात नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले स्टीव्ह कोल यांनी २००७ साली दाखवले की दीर्घकाळ एकाकी राहणाऱ्या माणसांच्या पांढऱ्या पेशींमध्ये दाहाची जनुके जास्त चालतात आणि विषाणूंशी लढणारी जनुके मंद होतात. पुढे हाच आकृतिबंध गरिबीत, शोकात, सततच्या संकटात सापडलेल्या माणसांमध्येही दिसला. २००९ साली मिलर, चेन आणि कोल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे लहानपण खालच्या आर्थिक-सामाजिक वर्गात गेले, त्यांच्या पेशींत मोठेपणीही त्याची खूण सापडते, असे त्यात आढळले. कॉर्टिसोलचे ऐकणे कमी, दाह जास्त. माणूस वर गेला, नोकरी लागली, फ्लॅट घेतला, तरी बालपणाचा हिशेब पेशी ठेवून असतात.

त्याहून महत्त्वाचा प्रयोग माकडांवरचा आहे. तो आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असला पाहिजे. अमेरिकेत ४५ ऱ्हिसस माकडिणींचे पाच-पाचचे गट केले गेले. या माकडांत उच्चनीचतेची उतरंड असते. जी गटात आधी येते ती वर बसते, जी शेवटी येते ती तळाला जाते. म्हणजे कोण वर आणि कोण खाली हे शास्त्रज्ञांनीच गटात सोडण्याच्या क्रमाने ठरवले. तळाच्या माकडिणींवर हल्ले जास्त, त्यांच्या अंगावरच्या उवा-घाण प्रेमाने काढणारे कुणी नाही. त्यांच्या रक्तपेशींत दाहाची जनुके जोरात चालू लागली. मग गट मोडून नवे गट केले, क्रम बदलला. वरची खाली आली, खालची वर गेली. आणि जनुकांचे काम नव्या दर्जाप्रमाणे बदलले! हा अभ्यास २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. सगळ्यांना खाणे मिळत होते, पिंजरा सारखाच होता, वैद्यकीय देखभाल सारखीच होती. फरक फक्त दर्जाचा होता.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. खालच्या पायरीवरचे शरीर जन्माने दुबळे नसते. पायरीच त्याला दुबळे करते. आणि पायरी बदलली की शरीर सावरू लागते. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता असा शब्द वापरला होता. त्या शब्दाची साक्ष आता रक्ताच्या थेंबात मिळते आहे.

माणसांतही हेच आहे. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ साली सुरू झाला. यात कुणीही भुकेकंगाल नव्हते, सगळे कचेरीत बसणारे पगारदार पुरुष. तरीही सर्वात खालच्या श्रेणीतल्या नोकरांचा मृत्युदर सर्वात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. मायकेल मार्मट यांनी दाखवले की सिगारेट, रक्तदाब असली कारणे धरूनही हा फरक पूर्ण सुटत नाही. साहेबाच्या हाताखाली किती पायऱ्या खाली आहात, कामावर तुमचा ताबा किती आहे, यावर हृदय किती वर्षे चालेल हे काही अंशी ठरते. ही गोष्ट ब्रिटिश कारकुनांची. ज्या समाजात पायऱ्या जन्माने ठरतात, ज्यांना वर जायला जिनाच नाही, तिथे काय होत असेल?

आपल्या आयुष्याची मोजणी

होते ते आकड्यांत दिसते. यूएन विमेनच्या २०१८ च्या अहवालाने भारतातल्या आकडेवारीवरून सांगितले की दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय उच्चजातीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. २०२२ साली नऊ राज्यांतल्या दोन कोटींहून अधिक लोकांच्या सर्वेक्षणावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक, दलितांचे तीन वर्षांहून अधिक आणि मुस्लिमांचे सुमारे एक वर्षाने कमी आढळले. घरची आर्थिक स्थिती हिशेबात धरली तरी हा फरक पूर्ण पुसला जात नाही. 'आता जात कुठे राहिली, प्रश्न गरिबीचा आहे' असे म्हणणाऱ्या मित्रांसमोर हे वाक्य ठेवा. पैसा सारखा केला तरी काही वर्षे कमी पडतातच. ती वर्षे कोण खाते?

२०२५ च्या योग दिनाचे घोषवाक्य होते 'एक पृथ्वी, एक आरोग्य'. पृथ्वी एक आहे हे कबूल. आरोग्य एक कधीपासून झाले?

अर्धे विज्ञान कुणाच्या सोयीचे?

शास्त्र दोन गोष्टी एकाच दमात सांगते. पहिली, शांतता मिळाली तर दाह कमी होतो. दुसरी, अपमान, भूक, असुरक्षितता आणि एकटेपणा यांनी दाह वाढतो. सत्तेने पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी गालिच्याखाली सारली. कारण उघड आहे. पहिली गोष्ट म्हणते, तू स्वतःला सुधार. दुसरी गोष्ट म्हणते, ही व्यवस्था बदला. पहिलीला चटई पुरते. दुसरीला पगार, पाणी, घर, अंडे, मोजे आणि सन्मान लागतो.

कोरोनाकाळात आपण हे डोळ्यांनी पाहिले. मार्च २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्ती वाढवण्याचे उपाय जाहीर केले: काढा, हळदीचे दूध, च्यवनप्राश, रोज किमान ३० मिनिटे योग-प्राणायाम. त्याच दिवसांत मजूर रेल्वेरुळांवरून चालत होते आणि सफाई कामगार साध्या रुमालाने तोंड बांधून रुग्णांच्या घरचा कचरा उचलत होते. जून २०२० मध्ये पतंजलीने 'कोरोनिल' बाजारात आणले, आणि खुद्द आयुष मंत्रालयालाच जाहिरात थांबवा, पुरावे द्या असे सांगावे लागले. याच कंपनीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरून २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने अवमानाची कारवाई केली आणि वर्तमानपत्रांतून माफीनामे छापावे लागले. ऋषिकेशच्या एम्समध्ये गायत्री मंत्राचा जप आणि प्राणायाम यांचा कोरोनाच्या वीस रुग्णांवर काय परिणाम होतो, हे पाहायला विज्ञान खात्याने पैसे दिले. वीस रुग्ण!

जुलै २०२१ मधल्या संसदेतल्या दोन उत्तरांची आठवण ठेवा. एकात सांगितले की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची स्वतंत्र नोंद राज्यांनी कळवलेली नाही. दुसऱ्यात सांगितले की हाताने मैला उचलण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात गुदमरलेली माणसे 'धोकादायक सफाई' नावाच्या दुसऱ्या रकान्यात टाकली की पहिला रकाना स्वच्छ होतो. श्वासाचे महत्त्व जगाला शिकवणाऱ्या सरकारने एकाच महिन्यात श्वास कोंडून मेलेल्या दोन प्रकारच्या माणसांना कागदावरून पुसले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. भरपाई हवीच. पण माणसाला गटारात न उतरवणे हाच त्याच्या फुप्फुसांचा पहिला प्राणायाम आहे.

महाराष्ट्रात पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले खुरटलेली आहेत. प्रतिपिंडे प्रथिनांची बनतात, हे दहावीच्या मुलालाही ठाऊक असते. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस अंडे सुरू झाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी बंद केला. द्यायचे असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणे! योग दिनाचा मंडप कधी लोकवर्गणीतून उभा राहिल्याचे आम्ही ऐकले नाही.

'जनुक' या शब्दापासून सावध राहा

आणखी एक धोका आहे. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजात 'जनुक' हा शब्द फार लवकर 'बीज' होतो, आणि 'बीज' फार लवकर 'जात' होते. २०१७ साली आरोग्य भारती या संघपरिवारातल्या संघटनेच्या गर्भसंस्कार कार्यक्रमाच्या बातम्या आल्या होत्या. 'उत्तम संतती', उंच आणि गोरी मुले, आईबापांची त्यासाठी शुद्धी, अशी त्यातली भाषा. उंच, गोरी, उत्तम कोण आणि ठेंगणी, काळी, अधम कोण, हे सांगायला नको.

जातीमुळे वंश सुधारतो असा युक्तिवाद त्या काळीही होत होता. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये त्याची चिरफाड केली. जातीने जर उत्तम वंश घडवला असता, तर हा देश शरीराने इतका खुरटा का, असा त्यांचा रोख होता. आज नवे विज्ञान त्यांच्याच बाजूने उभे आहे. जनुकांचे काम परिस्थितीने बदलते, याचा पहिला अर्थच असा की जन्म हे नशीब नाही. हा शोध मनुस्मृतीच्या मुळावर येणारा आहे. तो त्यांच्या मंचावर शोभेची वस्तू म्हणून मिरवू देणे ही आपली चूक ठरेल.

आपल्या घरातल्या दोन चुका

आता थोडे आपल्याकडेही बोट वळवू.

पहिली चूक, 'योग म्हणजे ब्राह्मणी, म्हणून सगळेच खोटे' असे म्हणणे. श्वास कुणाच्या जातीचा नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत आसनांना जेमतेम तीन सूत्रे आहेत. आज शिकवली जाणारी कितीतरी आसनमालिका विसाव्या शतकात आखाडा, कवायत आणि व्यायामशाळा यांच्या मिश्रणातून घडली. सूर्यनमस्काराला व्यायाम म्हणून घराघरांत नेले ते औंधच्या राजांनी, १९२० च्या दशकात. तेव्हा 'पाच हजार वर्षांचा वारसा' म्हणून कुणी धाक दाखवला तर घाबरू नका, आणि व्यायाम म्हणून कुणी करत असेल तर त्याला धर्मभ्रष्टही ठरवू नका. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाने पोखरलेल्या आपल्या पोरांना झोप लागत नाही. दहा मिनिटे शांत बसून, धावून, कबड्डी खेळून झोप लागत असेल तर ती घ्या. ती तुमची आहे.

दुसरी चूक उलट बाजूची. धम्म म्हणजे विपश्यना, आणि विपश्यना म्हणजे सगळ्या रोगांवरचे औषध, असे सांगणारेही आपल्यात वाढले आहेत. दहा दिवस मौनात बसून कुणाचे मन हलके होत असेल तर आनंद आहे. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये हा प्रश्न स्वतःच उभा केला होता. कुणाला समाधी ही बुद्धाची मुख्य शिकवण वाटते, कुणाला विपश्यना, हे नोंदवून त्यांनी पुढे विचारले की बुद्धाला सामाजिक संदेश होता की नव्हता? त्यांचे उत्तर सगळ्यांना माहीत आहे. सिद्धार्थाने आळार कालामाकडे ध्यान शिकले, त्यात प्रावीण्य मिळवले, आणि तेवढ्याने दुःखाचा प्रश्न सुटत नाही म्हणून तो पुढे निघाला. अष्टांगिक मार्गात सम्यक समाधी आठवी आहे. तिच्या आधी सम्यक आजीविका आहे. जगण्याचे साधन सन्मानाचे नसेल तर डोळे मिटून काय पाहायचे?

आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा व्यावसायिक शिक्षणाच्या महाविद्यालयात आहे. वसतिगृहात त्याला रोज त्याचे गुण आणि आडनाव एकत्र जोडून विचारले जाई. त्याने तक्रार केली. तक्रार समितीकडे जाण्याऐवजी ती समुपदेशनाकडे गेली आणि त्याला 'तणावमुक्तीसाठी ध्यान' या शिबिराचे प्रमाणपत्र मिळाले. छळणारी मुले तिथेच आहेत, आणि ध्यान करायचे ते याने! रोहित वेमुला आणि पायल तडवी यांच्यानंतरही संस्थांना वाटते की दोष पीडिताच्या मज्जासंस्थेत आहे. ध्यान जेव्हा तक्रारीच्या जागी बसवले जाते तेव्हा ते औषध राहत नाही, तोंडावर ठेवलेला हात होते.

बाबासाहेबांचा आरोग्य कार्यक्रम

बाबासाहेब आणि रमाईंची पाच अपत्ये. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लहानपणीच गेली. एकटे यशवंत वाचले. रमाई १९३५ साली गेल्या. जगातल्या सर्वोच्च विद्यापीठांतून शिकून आलेल्या माणसाच्या घरात हे घडले. त्या लेकरांच्या प्रतिकारशक्तीत काय कमी होते? प्राणायाम कमी होता का?

या दुःखातून त्यांनी काय केले ते पाहा. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी. मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ मध्ये प्रसूती-रजेच्या विधेयकाला पाठिंबा. मजूरमंत्री असताना खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाची सुधारणा. १९४६ मध्ये कारखान्यांतले कामाचे कमाल तास आठवड्याला ५४ वरून ४८. संविधानात कलम ४७, जे लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. पाणी, विश्रांती, बाळंतिणीची काळजी, पोटभर अन्न आणि ताठ मान. दाह कमी करणारी याहून मोठी यादी कुठल्या प्रयोगशाळेने दिली आहे?

आणि आज त्याच महाराष्ट्रात मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतली रोजची कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा तीच राहील म्हणतात. बारा तास उभे राहून घरी आलेल्या बाईला वीस मिनिटांचा प्राणायाम कुठल्या तासात बसवायचा, तेही त्याच निर्णयात लिहायला हवे होते.

मग आपण काय करायचे?

एक. योगाचा दावा घेऊन कुणी आला की चार प्रश्न विचारा. किती माणसांवर तपासले? तुलना कशाशी केली? रोग कमी झाला की फक्त रक्तातला आकडा बदलला? पैसे कुणी दिले? उत्तर चांगले असेल तर मान्य करा. न्यूनगंडही नको, आंधळा विरोधही नको.

दोन. आपल्या गावाने, शहराने योग दिनावर किती खर्च केला आणि त्याच वर्षी सफाई कामगारांच्या मोजे, बूट, मुखपट्टी आणि आरोग्य तपासणीवर किती, हे माहिती अधिकारात मागा. दोन्ही आकडे एकाच फलकावर लिहून वस्तीच्या चौकात लावा.

तीन. शाळेतले अंडे परत मिळावे म्हणून पालकांच्या सह्या गोळा करा. ही लढाई छोटी समजू नका. चार-सहा वर्षांच्या लेकरांची शरीरे वाट पाहत नाहीत.

चार. योगाने जनुकांचे काम कसे बदलते हे मोजायला सरकारी प्रयोगशाळांकडे पैसा आणि यंत्रे आहेत. त्याच यंत्रांनी गटारात उतरणाऱ्याचे, ऊसतोड करणाऱ्या बाईचे, वसतिगृहात टोमणे खाणाऱ्या पोराचे रक्त तपासा, अशी मागणी आपल्या संशोधक मुलामुलींनी लावून धरावी. जातीचा दाह मोजला जाईल त्या दिवशी या चर्चेचा रंग बदलेल.

पाच. महाविद्यालयात जातीय छळाची तक्रार लेखी द्या, पोच घ्या. शिबिराचे प्रमाणपत्र म्हणजे तक्रारीचा निकाल नव्हे.

त्या अकरा बायांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. २३ जूनला आम्ही त्यांच्या सह्यांचा अर्ज दिला. तीन आठवड्यांनी मोजे आले. पातळ होते, दोन दिवसांत फाटले. दुसरा अर्ज दिला आहे, त्यावर मोज्यांची जाडीही लिहिली आहे आणि फाटलेला जोड सोबत लावला आहे. या वेळी सह्या अकरा नाहीत, चौतीस आहेत. पहिली सही मावशींची आहे. पुढच्या २१ जूनला त्या मैदानावर बसणार की नाही, हे त्या ठरवतील. पण मैदान मोज्यांशिवाय साफ होणार नाही, एवढे त्यांनी मुकादमाला आताच सांगून ठेवले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!